दहा ड्रॉवर झाले, पण ठेवायचं काय?

पत्र थोडक्यात असं: डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीनं लिहिलंय. वय ३४, नोकरी मुंबईत, रोजचा लोकलचा प्रवास. घर दोन बेडरूमचं. एका खोलीत त्या आणि त्यांचे पती, दुसरीत सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. नवरा-बायकोच्या १० बाय ११ फुटांच्या खोलीत सासूबाईंचं लग्नातलं लोखंडी कपाट, शेजारी चार फुटी जुनं लाकडी कपाट आणि खुर्चीवर कायम कपड्यांचा ढीग. आता दोन्ही कपाटं काढून दहा फुटांच्या त्या भिंतीला भिंतभर वॉर्डरोब करायचं चाललंय. दुकानातल्या डिझायनरनं स्लायडिंग दारांचं, आत दहा ड्रॉवर असलेलं चित्र काढून दिलं आणि ते यांना फार आवडलं. 'ड्रॉवर असले की प्रत्येक वस्तूला जागा होईल, पसारा संपेल,' असं त्या लिहितात. पती म्हणतात, रेडिमेड घेऊ, चार-पाच वर्षांत मोठ्या घरात जायचंच आहे. ओळखीचे सुतार म्हणतात, ड्रॉवर कमी करा, कप्पे वाढवा. सासूबाई म्हणतात, 'माझं कपाट हलवायचं नाही.' तर ड्रॉवर दाराच्या आत घ्यावेत की बाहेर, आणि सासूबाईंना कसं समजवावं, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. सोबत वहीच्या कागदावर खोलीचा नकाशा.

नमस्कार,

नकाशा पाठवलात हे फार बरं केलंत. तो नसता तर मीही चित्र बघून 'छान आहे, करा' म्हटलं असतं. नकाशात मापं आहेत, म्हणून बोलता येतंय.

आधी तुमच्या त्या एका वाक्याबद्दल: ड्रॉवर असले की पसारा संपेल. पत्रात तुम्ही आणखी एक गोष्ट जाता जाता सांगितली आहे, की खुर्चीवर जे साठतं ते एकदा घालून झालेले, पण अजून धुवायला न टाकलेले कपडे असतात. संध्याकाळी आल्यावर काढलेली ओढणी, एकदाच वापरलेली जीन्स, यजमानांचा उद्या परत घालायचा शर्ट. हे कपडे तुम्ही धुतलेल्या कपड्यांच्या ड्रॉवरमध्ये घालणार आहात का? नाही ना? मग दहाच काय, वीस ड्रॉवर केले तरी ती खुर्ची तशीच राहणार. तिच्यावर उपाय म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला चार-पाच मजबूत हुक, नाहीतर वॉर्डरोबच्या कडेला फूटभर रुंदीचा उघडा खण आणि त्यात खुंट्या. खर्च जवळपास नाही. दुकानातल्या चित्रात हे कधीच नसतं, कारण चित्रातल्या घरात कोणी राहत नाही.

म्हणजे ड्रॉवर नकोतच असं मी म्हणत नाही. कुठल्या वस्तूला ते लागतात, एवढंच बघू. ड्रॉवर हा मिसळणाच्या डब्यासारखा असतो. बारीकसारीक, वेगवेगळ्या आणि रोज लागणाऱ्या गोष्टी त्यात शोभतात. अंतर्वस्त्रं, मोजे, रुमाल, परकर, ब्लाउज, टाय, पट्टे, चार्जर, औषधाच्या पट्ट्या. या गोष्टींची कप्प्यात चवड उभी राहत नाही, घसरते. जी गोष्ट घडी घालून सरळ उभी राहते ती कप्प्यात बरी. चादरी, टॉवेल, टी-शर्ट, सलवारी. कप्पा बनवायला स्वस्त, त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि दार उघडलं की सगळं एका नजरेत दिसतं. ड्रॉवरमध्ये वरचं दिसतं, खालचं विसरलं जातं. कपड्यांच्या घड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तर विसरलं जात नाही, हे खरं. पण सकाळी लोकल गाठायच्या घाईत घरातले सगळे जण उभ्या घड्या घालत राहतील का, ते तुम्हीच ठरवा.

एका रविवारी दोन्ही कपाटांतलं तुमचं सगळं पलंगावर ओता. तीन ढीग करा. लटकवायचे, चवडीत ठेवायचे आणि बारीकसारीक. देऊन टाकायचे असतील ते आधीच गोणीत भरा. मग पट्टी घेऊन मोजा. लटकवायच्या कपड्यांना हँगरमागे साधारण एक ते सव्वा इंच धरा. चवडींची उंची मोजा. बारीकसारीक ढीग एका साध्या प्लास्टिकच्या टबात घालून बघा, किती टब भरतात ते. बहुतेक घरांत दोन माणसांचा हा ढीग तीन, फार तर चार ड्रॉवरच्या वर जात नाही. तुमचा जास्त निघाला तर जास्त करा, पण मोजून करा. डिझायनरनं दहा ड्रॉवर तुमचे कपडे बघून काढलेले नाहीत.

ड्रॉवर जागा खातो, हा हिशोब चित्रात दिसत नाही म्हणून इथे मांडते. त्या चित्रात १८ इंची खोक्यांमध्ये ड्रॉवर आहेत. खोक्याच्या दोन बाजूंचा प्लाय पाऊण-पाऊण इंच, म्हणजे दीड गेला. चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच घेतं, आणखी एक गेला. ड्रॉवरच्या स्वतःच्या दोन बाजू मिळून जवळपास एक इंच. शिवाय दार बिजागरीचं असेल तर उघडलेलं दार आणि बिजागरी ड्रॉवरच्या वाटेत येऊ नये म्हणून सुतार बाजूला इंचभर पॅकिंग लावतो. १८ इंचांतून हातात उरले साडेतेरा. तुमच्या कुर्त्याची घडी बारा इंचांची असेल तर एक चवड मावली आणि दीड इंच वाया गेला. उंचीतही तेच. प्रत्येक ड्रॉवरचा तळ, वरची फट, पुढच्या पट्टीची मोकळीक मिळून साधारण दीड इंच जातो. दहा ड्रॉवरचे पंधरा इंच. एवढ्या उंचीत टॉवेल-चादरींचा एक अख्खा कप्पा बसला असता. तुमचे सुतार 'ड्रॉवर कमी करा' म्हणतात त्यामागे कामचुकारपणा आहे असं तुम्हाला वाटलं. उलट ड्रॉवर वाढले की त्यांचं बिल वाढतं. त्यांचं ऐकण्यासारखं आहे.

आता खोलीकडे येऊ, कारण तुमच्या 'आत की बाहेर' या प्रश्नाचं उत्तर तिथे दडलंय.

तुमची खोली एका बाजूनं ११ फूट, म्हणजे १३२ इंच. २४ इंच खोल वॉर्डरोब, ६० इंच रुंद पलंग, पलंगापलीकडे खिडकीशी तुम्ही सोडलेले १८ इंच. वॉर्डरोब आणि पलंग यांच्यामध्ये उरले ३० इंच, अडीच फूट. ड्रॉवर पूर्ण ओढला की तो साधारण २० इंच बाहेर येतो. राहिले दहा इंच. त्यात गुडघे टेकून खालचा ड्रॉवर उघडणं शक्य नाही. पलंगावर बसून, वाकून काढावं लागेल. सकाळी यजमान झोपलेले असतील तर त्यांच्या पायाशी.

इथे स्लायडिंग दाराचा मुद्दा येतो. स्लायडिंग घेतलं की जागा वाचते, असं सगळेच म्हणतात. दाराच्या बाबतीत ते खरं आहे, दार खोलीत उघडत नाही. पण आतला ड्रॉवर बाहेर येतोच, त्याला त्याचे २० इंच लागतातच. शिवाय स्लायडिंगचे दोन ट्रॅक खोलीतले तीन-चार इंच खातात. पुरुषांच्या शर्टाचा हँगर १७-१८ इंच रुंद असतो, कपड्यासकट आत २१-२२ इंच मोकळे हवेत. म्हणून स्लायडिंग वॉर्डरोब २६-२७ इंच खोल करावा लागतो आणि तुमच्या ३० इंचांचे २७ होतात. ज्या जागेसाठी ते घ्यायचं तीच जागा ते घेणार! आणखी एक अडचण म्हणजे दोन दारांच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी अर्धंच कपाट उघडं असतं. तुम्ही इकडे काही शोधत असाल तर यजमानांनी तिकडे थांबायचं. आणि ड्रॉवर दोन दारं एकमेकांवर येतात त्या जागी असेल तर तो पूर्ण बाहेरच येत नाही, दाराच्या कडेला अडकतो. तुमच्या चित्रातला मधला रकाना मला तसाच दिसतोय. डिझायनरला विचारा. खोली लांबट आणि अरुंद असेल, आत फक्त हँगर आणि कप्पे असतील, तर स्लायडिंग चांगलंच. ड्रॉवरवाल्या कपाटाला मात्र बिजागरीची, १२ ते १८ इंच रुंदीची अरुंद दारं जास्त सोयीची.

तुमच्या नकाशात एक जागा मात्र छान आहे. पलंगाचं डोकं ११ फुटी भिंतीला आहे. पलंग साडेसहा फूट लांब आणि वॉर्डरोबची भिंत दहा फूट. म्हणजे पलंगाच्या पायथ्याशी साडेतीन फूट जमीन मोकळी आहे आणि दार पलीकडच्या कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला आहे, तेही आड येत नाही. ड्रॉवर इथे घ्या. इथे त्यांच्यासमोर उकिडवं बसता येईल, दोन माणसं उभी राहू शकतील.

म्हणून माझं उत्तर असं. पायथ्याकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून साडेसहा फुटांचा वॉर्डरोब करा, दोन, दोन आणि अडीच फुटांच्या तीन सुट्या खोक्यांचा. उंची सात फूट. पहिल्या दोन फुटी खोक्यात खाली तीन ड्रॉवर, बाहेरून दिसणारे, म्हणजे दारामागे नाहीत. त्यांच्यावर अरुंद दोन दारं आणि आत हँगरचा दांडा. बाहेरचे का? कारण त्यांना पॅकिंग लागत नाही, दोन फुटांतून आत वीस इंचांच्या वर रुंदी मिळते आणि एका हातानं उघडतात. दारामागचा ड्रॉवर काढायचा म्हणजे आधी दार पूर्ण उघडा, मग ड्रॉवर ओढा, मग दोन्ही बंद करा. घाईत माणूस दार अर्धं उघडतो, ड्रॉवर दाराला घासतो आणि वर्षभरात सनमायक्याची कड उडते. बाहेरच्या ड्रॉवरमध्ये धूळ थोडी जास्त जाते हे मान्य. सगळ्यात वरचा सहा इंच उंचीचा, मधला आठ, खालचा दहा. तिघांची वरची कड जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येते, उभ्यानं आत सहज दिसतं. चार फुटांच्या वर ड्रॉवर कधी करू नये. पाच फूट उंचीच्या बाईला त्यात हात घालून चाचपडावं लागतं.

दारामागे एकच ड्रॉवर करा, मधल्या खोक्यात कमरेच्या उंचीवर, चार-पाच इंची, कुलपाचा. पैसे, पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला. त्याच खोक्यात वर आणि खाली असे दोन दांडे घेतले तर शर्ट आणि आखूड कुर्त्या मिळून चाळीसेक हँगर मावतात. अडीच फुटांच्या खोक्यात नुसते कप्पे, चौदा-पंधरा इंच उंचीचे. त्यात साड्या, चादरी. जड रेशमी साड्या ड्रॉवरमध्ये नकोतच असं माझं मत आहे. एकेक साडी पाऊण-एक किलोची, वीस साड्या म्हणजे पंधरा-वीस किलो वजन. तळाला पातळ ४ मिलिमीटरचा प्लाय असेल तर दोन वर्षांत झोल पडतो. हँगरवर जास्त दिवस ठेवल्या तर त्या स्वतःच्या वजनानं ओढल्या जातात. सुती कापडात गुंडाळून कप्प्यात आडव्या ठेवा, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, म्हणजे जरीच्या तारा घडीवर तुटत नाहीत. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा.

भिंतभर करायचं होतं, साडेतीन फूट का सोडायचे, असं तुम्ही विचाराल. कारण नकाशात डोक्याकडच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथे पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघतात', आणि त्या भिंतीपलीकडे बाथरूम दाखवलंय. ती ओल आहे. तिच्यावर कपाट ठोकलं तर ती झाकली जाईल, थांबणार नाही. मागचा प्लाय फुगेल, कपड्यांना कुबट वास येईल, बुरशी धरेल आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येऊ शकते. आधी प्लंबरला बोलावून बाथरूमच्या टाइल्सच्या फटी आणि पाइप बघून घ्या. तो कोपरा एक पावसाळा उघडा राहिला तर दुरुस्ती झाली की नाही ते कळेल. तिथे आरसा आणि एक हलकं स्टूल ठेवा. उरलेल्या भिंतीलाही वॉर्डरोब चिकटवू नका, इंचभर अंतर ठेवून वरून पट्टी मारा.

तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठीही लाकडाबद्दल थोडं सांगते. रेडिमेड स्वस्त कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेल्या फळ्यांची असतात. कोरड्या खोलीत, जागच्या जागी ती टिकतात. पण उघडून पुन्हा जोडायची वेळ आली की जुन्या भोकांत स्क्रू पकड धरत नाहीत आणि पाणी लागलं की बोर्ड फुगतो. म्हणून 'घर बदलताना नेता येईल' हा यजमानांचा मुद्दा रेडिमेडच्या बाजूनं जात नाही. तो सुट्या खोक्यांच्या बाजूनं जातो. प्लायची तीन वेगळी खोकी एकमेकांना बोल्टनं जोडली असतील तर नव्या घरात नेऊन पुन्हा उभी करता येतात. भिंतीत ठोकलेलं भिंतभर कपाट मात्र नव्या मालकाला फुकट द्यावं लागतं. चार-पाच वर्षांत जायचं नक्की असेल तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि तो यजमानांचा आहे, त्यांना तसं सांगा.

प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार येतात. एमआर साधा, दमट हवा थोडीफार सोसणारा, बीडब्ल्यूआर त्याहून पाण्याला टिकणारा. आयएस ७१० म्हणजे मरीन, बीडब्ल्यूपी, पाण्याला सगळ्यात जास्त टिकणारा. तुमच्याकडे खोक्यांना बीडब्ल्यूआर पुरे, मागच्या पाठीला आणि खालच्या पायाला मरीन घ्या. नागपूर-संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत बेडरूमला एमआरवरही भागतं. कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात नाही. आतून सनमायका लावून घ्या, नुसतं पॉलिश नको, पुसायला सोपं जातं. आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावलेली हवी, न दिसणाऱ्या कडांनाही. प्लाय पाणी तिथूनच पितो.

चॅनेलवर पैसे वाचवू नका. ड्रॉवर बिघडतो तो बहुतेक वेळा चॅनेलमुळे. टेलिस्कोपिक, पूर्ण उघडणारं, ३५ ते ४५ किलो वजन पेलणारं घ्या. अर्धंच उघडणारं चॅनेल लावलं तर मागचे सहा इंच कायम अंधारात राहतात. सॉफ्ट-क्लोज हौस असेल तर घ्या. मुलीची बोटं वाचतात, तेवढा फायदा खरा. ड्रॉवरचा तळ ६ मिलिमीटरचा, दहा इंचीला ९ चा.

सुतारकामाचा हिशोब आपल्याकडे समोरच्या चौरस फुटांवर होतो. दहा बाय सात म्हणजे ७० चौरस फूट, साडेसहा बाय सात म्हणजे साडेपंचेचाळीस. पण त्या दरात ड्रॉवर धरलेत की वेगळे, चॅनेल आणि बिजागऱ्या कोणाच्या, आतला सनमायका धरलाय का, लॉफ्ट वेगळा मोजणार का, हे कागदावर लिहून घ्या. भांडणं दरावरून होत नाहीत, या चार गोष्टींवरून होतात.

तुमचा दुसरा प्रश्न सासूबाईंचा.

'कसं समजवावं' असं तुम्ही लिहिलंत. समजवायचं म्हणजे कपाट देऊन टाकायला तयार करायचं, असंच तुम्ही धरून चालला आहात. पण तुमची खरी तक्रार कपाट दिसायला जुनं आहे ही नाही. सकाळ-संध्याकाळ त्या काहीतरी काढायला तुमच्या खोलीत येतात आणि दार लोटून घेता येत नाही, ही आहे. पत्रात ते एका ओळीत आलंय, पण मला वाटतं सगळं पत्र त्या ओळीसाठी आहे. मग प्रश्न कपाट ठेवायचं की नाही हा राहत नाही, ते कुठल्या खोलीत असावं हा होतो. त्यांना रोज लागणाऱ्या गोष्टी त्या झोपतात त्या खोलीत असाव्यात, यात त्यांचीही सोय आहे. रात्री गुडघ्याचं मलम काढायला त्यांनाही सुनेच्या खोलीचं दार वाजवणं आवडत नसेलच.

आणि ते कपाट टाकण्यासारखं नाहीच. गोदरेजनं पोलादी कपाटं १९२३ मध्ये आणली, आणि त्या धाटणीची कपाटं किती तरी घरांत लग्नात आली ती अजून उभी आहेत. वाळवी लागत नाही, आत तिजोरी, कुलूप भक्कम. तुमचं कुठल्याही कंपनीचं असो, गंज खरवडून स्प्रे पेंट करून घेतलं, बिजागऱ्यांना तेल दिलं की नव्या वॉर्डरोबपेक्षा जास्त वर्षं चालेल. ते तीन फूट रुंद आणि १९ इंच खोल असतं. तुम्ही लिहिता, सासूबाईंच्या खोलीत मुलीच्या चार फुटी स्टडी टेबलामुळे जागा नाही. पहिलीतल्या मुलीला चार फुटी टेबल? ती अभ्यास जमिनीवर पालथी पडूनच करत असणार. टेबल काही वर्षांसाठी काढा किंवा भिंतीला घडीची फळी लावा, कपाट तिथे बसेल.

पण सासूबाईंशी बोलताना सुरुवात 'हे कपाट हलवूया का' अशी करू नका. 'आई, रंग देऊन घेऊया का, कुठला आवडेल?' अशी करा. त्यातून त्यांना कळेल की कपाट जाणार नाही. मग आत काय काय आहे ते त्यांच्याबरोबर बसून बघा. त्यांच्या सोयीनं, दुपारी, यजमान नसताना. हे काम मुलानं करायचं की सुनेनं, हे तुमच्या घराच्या रीतीवर आहे. माझं मत विचाराल तर खोली बदलण्याचा विषय यजमानांनी काढावा. आईचं कपाट आहे, त्यांच्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं. तरीही त्या नाही म्हणाल्या तर? तर ते तुमच्या खोलीतच राहू द्या, आणि त्यांच्या रोजच्या वस्तूंसाठी त्यांच्या खोलीत एक लहान कपाट करा. ओलीची दुरुस्ती झाल्यावर ते लोखंडी कपाट डोक्याकडच्या त्या साडेतीन फुटांत नीट बसतं, भिंतीपासून थोडं सोडून. येणं-जाणं आपोआप कमी होईल.

मुलीनं स्वतःचे कपडे स्वतः काढावेत अशी तुमची इच्छा आहे. चांगली आहे, पण मग तिचे ड्रॉवर तुमच्या खोलीत कशाला? ती झोपते त्या खोलीत तिच्या छातीपर्यंत येणारं तीन ड्रॉवरचं छोटं युनिट द्या. फक्त ते भिंतीला क्लॅम्पनं पक्कं करा, हे विसरू नका. मुलं खालचे ड्रॉवर ओढून पायऱ्यांसारखे चढतात आणि अख्खं युनिट अंगावर येतं. अमेरिकेत अशाच अपघातांत लहान मुलं दगावल्यावर २०१६ साली आयकियानं सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवर-युनिटं परत मागवली होती. आपल्याकडे दुकानदार क्लॅम्प देतो तेव्हा 'राहू दे, भिंतीला भोक कशाला' म्हणून आपण तो तसाच ठेवून देतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही घरमालकाला विचारून ते एक भोक पाडावं.

भाड्याच्या घरातल्या वाचकांना एवढंच सांगते, की वॉर्डरोब करूच नका. कप्प्यांचं साधं कपाट आणि त्यात बसतील अशा मापाच्या टोपल्या घ्या. टोपली बाहेर ओढली की तोच ड्रॉवर, चॅनेल नाही, सुतार नाही.

ठरवण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आणि जमलं तर तुर्भ्याला आयकियात चक्कर मारा. घ्यायला नाही, ड्रॉवर ओढून बघायला. खाली वाकून, उकिडवं बसून, पूर्ण उघडून. सासूबाई आल्या तर त्यांनाही ओढून बघू द्या. आणि घरी आल्यावर खडूनं जमिनीवर आखा. २४ इंचांवर वॉर्डरोबची रेघ, तिच्यापुढे २० इंचांवर उघड्या ड्रॉवरची. दोन-तीन दिवस त्या रेघा पाळून खोलीत वावरा, पोचा मारताना पुसल्या गेल्या तर परत आखा. काम मात्र आत्ता, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका. प्लंबर आधी, तो पावसाळा बघून घ्या, मग दिवाळीनंतर भिंत सुकल्यावर सुतारांना ॲडव्हान्स. तोवर खुर्चीसाठी दारामागे हुक लावून टाका, त्याला कोणाची वाट बघायची गरज नाही.